डोळ्यावरचा आळ

भुवईच्या वर, नाकाच्या मुळाशी, कानशिलात किंवा गालाच्या हाडाखाली उठणाऱ्या वेदनेचे वैशिष्ट्य असे की, ती भोगणारा माणूस एकटा असला तरी तिचे निदान करण्याचा अधिकार मात्र सबंध गावाकडे असतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा येथे कांद्याच्या लिलावासाठी पंचक्रोशी जमते. तिथे उपरण्याने कपाळ आवळून बसलेला एखादा शेतकरी दिसला की कोणी ‘नंबर लागला असेल’ म्हणतो, कोणी दृष्ट लागल्याचे सांगतो, कोणी नातवाच्या मोबाइलला दोष देतो, आणि यांपैकी कोणाचेही म्हणणे दुसरा खोडून काढत नाही, कारण त्याचे स्वतःचे निदान अजून मांडून व्हायचे असते. या सर्व मतांत एकवाक्यता एवढीच की, आरोपी डोळाच. वैद्यकशास्त्र मात्र डोळा लाल नसेल आणि नजर स्वच्छ असेल तर त्याला बहुधा निर्दोष मानते.

या गैरसमजाचे मूळ शरीररचनेत आहे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क चेतेला तीन शाखा असल्यामुळे तिला त्रिशाखी, म्हणजेच ट्रायजेमिनल चेता म्हणतात. पहिली शाखा कपाळ, डोळा आणि नाकाचा शेंडा सांभाळते, दुसरी गाल आणि वरचे दात, तर तिसरी खालचा जबडा. तिन्हींची वर्दी शेवटी एकाच ठाण्यात जात असल्याने गुन्हा सुळ्याच्या मुळाशी घडला तरी तक्रार डोळ्याच्या हद्दीत नोंदली जाते, आणि मग वरचा दात काढला की नजर जाते ही जुनी समजूत आपोआप बळकट होते. सडका दात तोंडात ठेवून डोळ्यात थेंब घालणारे सावध लोक याच समजुतीचे अपत्य होत.

सायनस, म्हणजे कपाळाच्या व गालाच्या हाडांतील पोकळ्या, हे सध्याचे सर्वांत लोकप्रिय कारण आहे. सर्दी तुंबून कपाळातील पोकळी सुजली की दुखणे सकाळी चढते आणि दुपारनंतर उतरते. दिवसाबरोबर चढउतरणाऱ्या अशा शिरःशूलाला आयुर्वेदाने ‘सूर्यावर्त’ म्हटले असून सुश्रुताने शिरोरोगांच्या अकरा प्रकारांत त्याची गणना केली आहे. तथापि ज्याला रुग्ण ठामपणे ‘माझे सायनस’ म्हणतो, ती पुष्कळदा अर्धशिशी निघते. अर्धशिशीतही नाक चोंदते आणि डोळ्याला पाणी येते, त्यामुळे सुंठ उगाळून केलेला लेप, बाम आणि वाफारा या तिन्हींचा प्रयोग एकाच कपाळावर होतो. त्यातही सूर्योदयापूर्वी दुधाबरोबर जिलबी खाण्याचा उपाय विशेष अभ्यासनीय आहे, कारण ज्यांचे डोके दुखत नाही असे घरातील सदस्यही तो मनोभावे करतात.

याहून तीव्र प्रकार दोन. त्रिशाखी चेतेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी घासू लागली की वीज चमकावी तशी कळ क्षणभर, फार तर दोन मिनिटे येते, आणि ती दाढी करताना, दात घासताना किंवा नुसत्या वाऱ्याच्या झुळुकीनेही उठते; मात्र ती गालात व जबड्यात अधिक, फक्त कपाळात क्वचितच आढळते. अभिनेता सलमान खान याने २०११ मध्ये या विकारावर अमेरिकेत उपचार घेतल्यापासून त्याला थोडी प्रतिष्ठा आली असली, तरी अनेकांच्या निरपराध दाढा अजूनही त्याच्यापायी उपटल्या जातात. दुसरा प्रकार क्लस्टर डोकेदुखीचा. यात एकाच डोळ्यामागे १५ मिनिटे ते ३ तास असह्य वेदना होते, तो डोळा लाल होऊन गळू लागतो, आणि अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडतो तसा हा पडून न राहता अंगणात येरझाऱ्या घालतो. दुखणे अनेकदा रात्रीच्या ठरावीक वेळी येत असल्याने गावातील तज्ज्ञांना वेगळ्याच शक्तींचा संशय येतो; वास्तविक मास्कमधून दिलेला शुद्ध प्राणवायू या शक्तींना बहुधा पंधरा-वीस मिनिटांत पांगवतो.

नागीण ही पहिल्या शाखेत उठली तर आधी दोन-तीन दिवस कपाळाची एकच बाजू जळते आणि मग पुरळ येते. तिचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे सांगतात. परंतु कांजिण्यांचा हा जुना विषाणू एका बाजूच्या चेतेतूनच प्रवास करत असल्याने तो सहसा मध्यरेषा ओलांडत नाही आणि ती भेट घडत नाही. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर मात्र डोळ्यालाही धोका संभवतो, आणि तेव्हा मंत्र घालणाऱ्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो.

सर्वांत मोठा विपर्यास मात्र डोळा खरोखर दोषी असतो तेव्हा घडतो. तीव्र काचबिंदूत डोळ्यातील द्रवाची वाट अचानक बंद होऊन आतील दाब चढतो, डोळा लाल होतो, भुवई ठणकते, नजर धूसर होते, दिव्याभोवती इंद्रधनुषी वलये दिसतात. आणि याबरोबर उलट्याही होत असल्याने एरवी प्रत्येक दुखण्यात डोळ्याला गोवणारे घर या एका रात्री त्याला सन्मानाने मुक्त करते व ‘पित्त उसळलंय’ म्हणून आमसुलाचे पाणी पाजते. काही तासांत उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. नगरहून आष्टीपर्यंतची रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी कड्यावरून धावू लागली असली, तरी अशा वेळी वेळापत्रक न पाहता मिळेल त्या गाडीने नगर गाठणे इष्ट. आणि तेथे डॉक्टर डोळ्याचा दाब मोजत असताना, रुग्णाने रात्री शेंगदाण्याची चटणी जास्त खाल्ली होती ही माहिती बरोबर आलेले मामा त्यांना देतातच.