जुना सॅक्सोफोन: तपासणी व मूल्यांकन (सुधारित आवृत्ती)

व्याप्ती: आयुष्यभर दुसऱ्याचा माल रिजेक्ट करून निवृत्तीनंतर पुण्याच्या जुन्या बाजारातून न वाजणारं वाद्य नऊ हजारांना पास करणाऱ्या, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या समस्त इन्स्पेक्टरांना ही कार्यसूचना लागू आहे. असा एक इसम माझ्या माहितीतला आहे. रोज दाढी करताना भेटतो.

कलम 1. जात ओळखावी. अंगावर पितळ असलं तरी सॅक्सोफोन ब्रास घराण्यातला नव्हे. त्याचा आवाज रीडमधून, म्हणजे बोरूच्या पातळ पट्टीतून निघतो. त्यामुळे तो क्लॅरिनेटचा चुलतभाऊ. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने 1846 मध्ये पॅरिसात त्याचं पेटंट घेतलं. ही माहिती भंगारवाल्याला देऊ नये. तो चुंबक लावून "पितळच आहे, काका" म्हणतो आणि काटा काढतो.

कलम 2. कुळकथा ऐकू नये. जुन्या बाजारात सॅक्सोफोनला तीनच माहेरं असतात. एक, खडकीची गोरी पलटण. दोन, मुंबईचं ताज, जिथे 1935 साली लिऑन अ‍ॅबीचा जॅझ बँड आला होता. तीन, मनोहारी सिंग. 'आराधना'त (1969) ज्यांचा सॅक्सोफोन आहे ते हेच. विक्रेत्यांचा हिशेब धरला तर हा थोर माणूस दर पावसाळ्यात एक सॅक्सोफोन पुण्यात विसरून जात असे. माझ्या विक्रेत्याने एकाच वाद्याला तिन्ही माहेरं लावली, आणि मी मान डोलावली.

कलम 3. नंबर वाचावा. गाडीला चॅसिस नंबर, तसा सॅक्सोफोनला सीरियल नंबर. बहुधा पाठीमागे, अंगठ्याच्या टेकूजवळ. मोठ्या कंपन्यांच्या नंबरांवरून साधारण साल काढता येतं. फ्रान्सच्या सेल्मरचा मार्क सिक्स 1954 मध्ये आला. त्यातले पाच आकडी नंबरवाले लोक जास्त पैसे मोजून घेतात. जुन्या अमेरिकन वाद्यांवर नंबराशेजारी 'एल' किंवा 'एच' असतो. 'एल' म्हणजे आजचा सूर, 440 चा. 'एच' म्हणजे चढा, 457 च्या आसपासचा; तो कुणाशीच जुळत नाही, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा.

सावधान: पेटंटची तारीख ही जन्मतारीख नव्हे. कॉन कंपनीच्या कारखान्यातल्या कितीतरी वाद्यांवर '8 डिसेंबर 1914' कोरलेलं असतं. ते वाचून एका इसमाने नातेवाइकांना "पहिल्या महायुद्धातला आहे" असं कळवलं. नातेवाईक अजून महायुद्धाची चौकशी करतात.

कलम 4. नावावर जाऊ नये. अमेरिकेतल्या एल्खार्टचे कारखाने वाद्य घडवायचे आणि दुकानदार त्यावर आपलं नाव कोरून घ्यायचे. या मालाला स्टेन्सिल म्हणतात. चाकणकरांना हे समजवायला नको. पार्ट व्हेंडरच्या शेडमध्ये बनतो, डबा मोठ्या कंपनीचा. स्टेन्सिल वाईट असतं असं नाही. भाव मात्र नावाचाच मिळतो. तीस वर्षं व्हेंडरकडे नोकरी करून हे मला सॅक्सोफोनकडून शिकावं लागलं.

कलम 5. चिंच लावू नये. मूळ लॅकर निघालं की किंमत उतरते, आणि घासून पुन्हा चढवलेलं लॅकर लपत नाही, कारण कोरीव कामाच्या कडा बोथट होतात. हे कलम मी घरात मोठ्याने वाचलं. तोवर निम्मा सॅक्सोफोन दिवाळीच्या समईसारखा लखलखत होता.

कलम 6. गळती तपासावी. वीसहून जास्त भोकांवर चामड्याच्या गाद्या, म्हणजे पॅड, बसतात. अंधारात नळीत छोटा दिवा सोडावा, चाव्या दाबाव्यात. जिथून उजेड डोकावेल तिथून हवा जाते. अंधारासाठी गुरुवार उत्तम. एमआयडीसीच्या वीजबंदीचा एवढा एकच उपयोग मला सापडला. आमच्या वाद्यात अकरा ठिकाणी उजेड दिसला. गेज, व्हर्निअर काहीच लागलं नाही.

कलम 7. पट्टी ठरवावी. हे पेटीवर करावं. आल्टोवर 'सी' वाजवला की पेटीची काळी दोन ऐकू येते, टेनरवर काळी पाच. आमच्यावर पांढरी एक आली. बँडमधून निवृत्त झालेल्या मास्तरांनी मान हलवली. "साहेब, टेनर नाही हा. सी मेलडी." 1920 च्या दशकात अमेरिकेत घरोघरी पियानोच्या कागदावरून सरळ वाजवता यावा म्हणून हा प्रकार खपला, 1929 च्या मंदीनंतर त्याला कुणी विचारेना.

कलम 8. भाव. चांगला मार्क सिक्स टेनर लाखांत जातो. सी मेलडी परदेशातसुद्धा काहीशे डॉलरच्या वर क्वचित चढते. त्यातून स्टेन्सिल, त्यातून अकरा गळत्या, त्यातून चिंच. भंगारवाल्याने पावणेतीन किलोचे बाराशे सांगितले. घरातून "द्या" असा शेरा आला.

पण मास्तरांनी तोवर खिशातून टेनरची रीड काढून जिभेवर ओली केली होती. खालचे सूर निघालेच नाहीत. वरचे चार-पाच निघाले, थोडे घोगरे. त्या चार-पाच सुरांत त्यांनी काय केलं ते मला गेजवर सांगता येत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत तीस वर्षं चालत वाजवलेला माणूस आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाजवत होता, आणि पाय मात्र चालत होते. चहा गार झाला. समोरच्या देवळातले भजनी मंडळाचे पेटीवाले जिना चढून आले आणि म्हणाले, "आपली काळी चार. जमेल?"

निकाल: डेव्हिएशनवर स्वीकृत. नऊ हजार ही खरेदीत झालेली चूक असून ती इन्स्पेक्टरच्या नावावर टाकावी.

गाद्या आता एकेक करून बदलतो आहे, सात झाल्या. मास्तर एकादशीला येतात. त्यांची रीड मात्र परवा चिरली. कुणाकडे टेनरची अडीच नंबरची पडून असेल तर कळवा. सी मेलडीला तीच चालते.