बोहल्यावरून पळालेल्या एसएमपीएसरावांना खुलं पत्र

रा. रा. एसएमपीएसराव यांस,
मुक्काम : कॅबिनेटचा मागचा कोपरा.

सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितो आहे, कारण आपले भाऊबंद, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारे पॉवर सप्लाय, घरोघरी नांदत आहेत आणि तिथल्या यजमानांना अजून त्याचा पत्ता नाही.

आपण आठ महिने आमच्या घरी होतात. विजेचं बिल भरणं, पत्रं टाइप करणं, जुनी गाणी ऐकणं ही कामं आपण ज्या निष्ठेने केलीत, तिला तोड नाही. काम नसताना आपल्याइतकं स्थिर मी कोणालाच पाहिलेलं नाही. अडचण फक्त काम निघालं की यायची.

ते काम म्हणजे माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ. मंगलाष्टकं संपतात, शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट बाजूला होतो आणि अक्षता उडतात. त्या वीस सेकंदांना मी हौसेने स्लो मोशन लावलं होतं. एक्सपोर्ट तिथवर पोचला की स्क्रीन काळी आणि पंखे गप्प. निळी स्क्रीन नाही की एखादा एरर नाही. असं सात वेळा झालं. ‘सावधान’ ऐकताच समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, असं सांगतात. पण त्यांना पुढे दासबोध सांगायचा होता. आपला काय बेत होता?

मग मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो. पहिला संशय उष्णतेवर. कूलर उतरवला, जुनी थर्मल पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलं होतं का, तेही पाहिलं; हा पराक्रम बऱ्याच जणांच्या नावावर असतो. नव्हतं राहिलं. मॉनिटरिंगच्या आकड्यांत मशीन मेलं तेव्हाचं तापमान निघालं ७४ अंश. प्रोसेसर तापला तर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि शंभराच्या आसपासची हद्द ओलांडल्यावरच गाशा गुंडाळतो. ७४ ला कोणी प्राण सोडत नाही.

मग रॅमची उलटतपासणी. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवलं, सकाळी चुका शून्य. मग यूपीएस. त्याच्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ३६० वॉटच मिळतात, म्हणून त्याला बाजूला करून वायर थेट भिंतीत लावली. आपण तरीही पळालात. मध्यंतरी वीज कंपनीलाही मनसोक्त शिव्या घालून झाल्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद होती. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. पंचनाम्यात मृत्यूचं कारण म्हणून ‘मृत्यू’ लिहावं, तसं.

शेवटी आपल्यासाठी सापळा लावला. एकट्या प्रोसेसरवर प्राइम९५ तासभर चालवलं, आपण जागच्या जागी. एकट्या ग्राफिक्स कार्डावर फरमार्क चालवलं, तेव्हाही आपण हजर. मग दोन्ही एकदम लावली आणि अकराव्या सेकंदाला आपण पसार. त्यानंतर पुढचं बटण कितीही दाबलं तरी आपण ओ देत नव्हतात. मागचा खटका बंद करून थोडं थांबावं आणि पुन्हा चालू करावा, तेव्हा आपला रुसवा निघायचा. हा रुसवाच आपला कबुलीजबाब होता. झेपेना झालं की सप्लाय स्वतःच दार लावून घेतो आणि खटका फिरवल्याशिवाय उघडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग स्क्रू काढले, आपल्याला फिरवून पाहिलं, आणि आपली पत्रिका दिसली. ती पहिल्या दिवसापासून आपल्याच अंगावर चिकटवलेली होती. वर ठळक ‘४५० वॉट’. खाली बारीक अक्षरांत पगाराची फोड : ३.३ व्होल्टवर इतकं, ५ व्होल्टवर तितकं, आणि १२ व्होल्टवर १८ अँपिअर. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे घरातली दोन्ही खाती तोंडं, १२ व्होल्टवरच जेवतात. बाकीचे सगळे भत्ते. आता १२ गुणिले १८ करा. हातात पडणारा पगार २१६ वॉट! माझं आरटीएक्स ३०६० कार्ड एकटंच १७० वॉट घेतं, प्रोसेसर जोरात आला की ऐंशीच्या घरात जातो. झाले अडीचशे. वर पंखे आणि डिस्क. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ते हे असं. कार्डवाल्यांनी ५५० वॉटचा सप्लाय सुचवलेला होता, पण तो खोक्यावर. आणि खोक्यावरचं वाचायचं असतं, हे खोकं रद्दीत गेल्यावर आठवतं.

शिवाय ही कार्डं सरासरीने जेवत नाहीत. क्षणाच्या बारीकशा तुकड्यात नेहमीपेक्षा बराच मोठा घास घेतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकाने तर मोठ्या सप्लायकडून १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट भार सोसायची अपेक्षा धरली. आपल्याला एकपट जड जात होता.

आता आमचीही बाजू सांगतो, एसएमपीएसराव. लॅमिंग्टन रोडवर मी प्रोसेसरसाठी तीन दुकानं हिंडलो, कार्डासाठी पाच. रॅमवर लाल दिवे हवेत की निळे, यावर अर्धा तास घालवला. आपण मात्र कॅबिनेटबरोबर फुकट आलात आणि मी एक प्रश्न विचारला नाही. उलट फुकट मिळालं म्हणून दुकानदाराचा चहा प्यायलो. मुलाकडच्या मंडळींनी पगार फुगवून सांगितला हे खरं, पण पत्रिका समोर असून न पाहणाऱ्या मुलीच्या बापाला काय म्हणावं? आणि एक उपकारही कबूल करतो. आपण वेळेवर पळालात. आपल्या जातीचे काही जण पळत नाहीत. जळतात, आणि जाताना मदरबोर्डाला सोबत नेतात.

आपल्या जागी आता ६५० वॉटचे गृहस्थ आले आहेत. त्यांच्या पत्रिकेत १२ व्होल्टवर ५४ अँपिअर लिहिलं आहे, म्हणजे ६४८ वॉट. भत्ते कमी, पगार खरा. किंमत कार्डाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. अक्षता आता शांतपणे पडतात. व्हिडिओ काकूंकडे पोचला, त्याच आठवड्यात बारशाचं आमंत्रण आलं.

जाताना आपल्याला उघडून आतलं काळीज बघावं, असं एकदा मनात आलं होतं. नाही बघितलं. २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथेच दबा धरून असतात. भंगारवाल्याऐवजी ई-कचऱ्याच्या केंद्रात आपली रवानगी करतो आहे. मानाने जा.

कळावे, लोभ नसावा.

आपला माजी यजमान

ता. क. : हे पत्र दुसऱ्यांच्या हाती पडलं असेल, तर त्यांना एक विनंती. नवा कॉम्प्युटर जुळवताना दुकानातच सप्लाय उलटा करा, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि बाराने गुणा. जो आकडा येईल, तेवढाच आपला जावई कमावतो.