गिअरकाका

उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीत काही पदं उपविधींत नसतात, पण कधी रिकामी राहत नाहीत. पाणी किती वाजता जाणार हे महापालिकेच्या आधी सांगणाऱ्या आजी, कुणाकडे कुठलं पार्सल आलं याची नोंद ठेवणारे तळमजल्यावरचे आप्पा, आणि ताडपत्रीखाली जुनी गाडी बाळगणारे गिअरकाका. मुलुंड असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा अंधेरी, माणूस तोच. वय साठीच्या पुढे, बँकेतून नाहीतर माझगाव डॉकमधून निवृत्त, खिशात टायरची हवा मोजायचं गेज, नखांत ग्रीस. गाडी कॉन्टेसा.

“कॉन्टेसा म्हणजे आपली मसल कार,” हे नव्या भाडेकरूला पहिल्याच भेटीत ऐकावं लागतं. अंगापिंडाने बघितलं तर ते खोटं नाही. लांबलचक बॉनेट, चौकोनी खांदे, संसार मावेल एवढी डिकी. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा अंग इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं होतं आणि आतलं दीड लिटरचं इंजिन ॲम्बेसेडरचं, ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर. पैलवानाच्या देहात कारकुनाचं काळीज. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पाच गिअर आले, ताकद ८८वर गेली. काकांची गाडी अर्थात ही दुसरी, ‘क्लासिक’. २००२ मध्ये कंपनीने कॉन्टेसा बंद केली. “त्यांनी बंद केली. आम्ही नाही,” इति काका.

आता ८८ हॉर्सपॉवरला कुणी मसल म्हणत असेल तर त्याला अडवायची आपली काय बिशाद? पण काकांना खरी आकडेवारीही पाठ असते. १९६४च्या पाँटिॲक जीटीओचं इंजिन ३८९ घनइंचाचं, ताकद ३२५ हॉर्सपॉवर, आणि तिच्यात गिअरचा दांडा होता हर्स्टचा. जॉर्ज हर्स्ट हे नाव घेताना गवयाने गुरूचं नाव घ्यावं तशी काकांची बोटं कानाच्या पाळीकडे जातात. “माणसाने नुसते दांडे विकून नाव काढलं, दांडे!” मग आवाज खाली येतो. “आणि २०१६ला फोर्डने मस्टँग आपल्याकडे आणली, ती फक्त ऑटोमॅटिक. ६५ लाख मोजायचे आणि डाव्या हाताने करायचं काय? ताल धरायचा?”

त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताला मात्र उसंत नसते, कारण कॉन्टेसाच्या दांड्यात प्ले आलेला असतो. आतला बुश झिजला की दांडा सैल होतो. गाडी न्यूट्रलमध्ये असताना तो डॅशबोर्डपासून हँडब्रेकपर्यंत कुठेही हिंडून येतो. तिसरा टाकायला जावं तर पहिला पडतो, रिव्हर्स तर नवसाने पडतो. चांगला मेस्त्री बुश बदलून दुपारपर्यंत गाडी ताब्यात देईल. पण दुपारपर्यंत संपणाऱ्या कामात काकांना रस नसतो. त्यांना दांडाच बदलायचा असतो आणि त्यासाठी आधी तो निवडायचा असतो. मुलीचं स्थळ याहून लवकर ठरलेलं असतं.

पहिला पर्याय जुन्या ओरिजनलचा. ॲम्बेसेडरच्या १८०० आयएसझेड मॉडेलमध्येही इसुझूचंच इंजिन आणि पाच गिअर होते, म्हणून काका कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारवाल्यांकडे फेऱ्या मारतात. तिथला दुकानदार दांडा दाखवतो, काका तो हलवून बघतात, कानाशी नेऊन वाजवतात आणि “बघतो” म्हणून निघतात. दुकानदार त्यांना चहा द्यायचा कधीच बंद झालेला असतो.

दुसरा पर्याय अमेरिकेतल्या भाच्याचा. १९७० मध्ये हर्स्टने तिकडच्या मसल गाड्यांना पिस्तुलाच्या मुठीच्या आकाराचा दांडा दिला होता, ‘पिस्टल ग्रिप’ नावाचा. भाचा तसाच एक पाठवतो. खोक्यावरचं ते नाव तळमजल्यावरचे आप्पा मोठ्याने वाचतात आणि संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावर हत्यार आल्याची खबर बी विंगला पोचते. काकांच्या सौ., म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, खुलासे करत फिरतात. इकडे काकांना वेगळाच घोर. अमेरिकन आटे इंचातले, जपानी मिलिमीटरमधले. दांडा गिअरबॉक्सवर बसायला तयार नाही. शिवाय तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून दांड्याचा बाक डावीकडे. आपल्या गाडीत लावला तर तो शेजारच्या सीटकडे झुकतो. दुसरा गिअर पडला की वहिनींच्या गुडघ्याला ढुशी. “मग रिक्षाने येते मी,” वहिनी म्हणतात. काका यावर गंभीरपणे विचार करतात, हे वहिनींना जास्त लागतं.

तिसरा पर्याय साकीनाक्याच्या गाळ्यातला टर्नर. हा काकांसारखाच कमी बोलणाऱ्यांशी जास्त बोलणारा. दोघं लेथपाशी स्टुलं ओढून बसतात आणि ठरवतात की दांडा इथेच बनवायचा: आखूड, बाक उजवीकडे, बुश पितळी.

आखूड कशासाठी, हे सोसायटीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण ते सगळ्यांना समजावून झालंय. दांड्याला मध्ये एक गोळा असतो, त्यावर तो झुलतो. गोळ्यावरचा भाग लांब, खालचा आखूड. वरचा भाग कापला की हात कमी फिरतो, पण जोर जास्त लागतो. तरफेचा नियम, शाळेतला. वॉचमनला हे दांडा म्हणून छत्री वापरून शिकवण्यात आलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हात जास्त फिरला तर काय बिघडतं, साहेब?” या प्रश्नाचं उत्तर मोटारींच्या जगात अजून कुणाकडे नाही.

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया होते. कन्सोल निघतो, रबरी बूट निघतो, नटबोल्ट वहिनींच्या मसाल्याच्या डब्यात क्रमाने पडतात. जुना बुश बाहेर येतो तो चुऱ्याच्या रूपात. काका तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवतात. सल्लागार मंडळ भोवती उभं: एकाने आयुष्यात फक्त लोकल पकडलेली, दुसऱ्याचा नातू ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगला, तिसरा नुसता दूध आणायला निघालेला. नवा दांडा बसतो. काका क्लच दाबून पहिला टाकतात. खट्ट! असा आवाज कुणी ऐकलेला नसतो. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सगळे गाडी जागेवर उभी असताना. दूधवाला थांबून टाळी देतो.

पितळी बुशाचा एक गुण टर्नरने सांगितलेला नसतो. जुना नायलॉनचा बुश गिअरबॉक्सची सगळी घरघर गिळत असे; पितळ ती जशीच्या तशी हातात आणि कानात पोचवतं. वहिनींना आता गाडीत खाणाखुणांनी बोलावं लागतं. काका खूश. “गिअरबॉक्स बोलतोय!” काय बोलतोय, हे त्यांनाच कळतं.

ही गाडी चालते कुठे? एलबीएस मार्गावर मेट्रोच्या खांबांमधून सिग्नल ते सिग्नल दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. रविवारी सकाळी सहाला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून ठाण्याला मामलेदारची मिसळ खायला जाताना पाचवा पडतो, तेवढाच. पण गंमत अशी की उपनगरातल्या माणसाच्या हातात दुसरं असतं तरी काय? लोकल त्याच्या वेळेने येत नाही, पाणी त्याच्या वेळेने येत नाही, रस्ता कधी खणतील ते त्याला कुणी विचारत नाही. हात हलवल्याबरोबर हुकूम पाळणारी मैलभरात एकच वस्तू, आणि ती काकांनी स्वतः बनवून घेतलेली. तो माणूस ती दुपारपर्यंत उरकून कशी टाकेल?

परवा पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डरचा तरुण प्रतिनिधी कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस फंड सगळं पडद्यावर दाखवून थकला आणि “कुणाला काही शंका?” म्हणाला. काका उठले. यांत्रिक पार्किंगच्या प्लेटवर साडेचार मीटरहून लांब गाडी मावते का, आणि गाडी वर नेताना पहिल्या गिअरमध्ये ठेवायची की रिव्हर्समध्ये? सभेने कपाळाला हात लावला. पण तो मुलगा खुर्चीवरून अर्धवट उठला होता. “काका, कॉन्टेसा? माझ्या आजोबांकडे आयएसझेड होती.” दोघं खाली गेले. दांडा कसा पडतो ते बघायला नातूवाले गेले, दूधवाले गेले, मग अध्यक्षही गेले. वर उरलेल्या सेक्रेटरींनी माणसं मोजली आणि इतिवृत्तात लिहिलं: गणसंख्येअभावी सभा तहकूब.