उंदीर विकत घ्यायचेत?

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीत उंदरासाठी पैसे मोजलेच, तर सापळ्याला आणि झिंक फॉस्फाईडच्या पुडीला. तिथे बाजरीची पोती नि कांद्याची बराख राखत बसलेल्या आजोबांना पुण्याचा नातू सांगतो, "आजोबा, उंदरांची जोडी विकत आणलीय!" आजोबांनी काय म्हणावं? "का रे, आपल्याकडचे संपले?"

दुकानातला पांढरा आणि घरातला करडा, प्रजात एकच: मस मस्क्युलस. पण गोऱ्याला झोपाळा, करड्याला सापळा. आपल्याला यात काही खटकत नाही. चतुर्थीला ओझरच्या विघ्नहराला जाऊन मूषकापुढेही हात जोडायचे आणि रात्री भज्याचा तुकडा सापळ्यात अडकवायचा, ही सवय जुनीच.

तरी घ्यायचेच असतील, तर मुलगी बघायला गेल्यासारखा नुसता रंग बघू नका. डोळे लख्ख हवेत, नाक कोरडं, श्वासात घरघर नको. दोन नर एका पिंजऱ्यात नांदत नाहीत. एकटा जीव झुरतो. तेव्हा दोन माद्या घ्याव्यात. दुकानदार 'दोन्ही माद्याच' म्हणेल. शेपटीखाली स्वतः बघा. अंदाज चुकला तर सुमारे 20 दिवसांत पाच-सात पिल्लं, आणि बाळंतिणीला त्याच दिवशी पुन्हा दिवस जाऊ शकतात.

उंदीर जगतो जेमतेम दोन वर्षं. नातवाची हौस तितकी टिकेल का, ते आधी विचारा. आणि नकोशी झालेली जोडी लोणीच्या शिवारात सोडायला आणू नका. तिथे भरती केव्हाच बंद झाली आहे.