सरसवाले कूपरसाहेब

पीटर कूपरना स्वस्थ बसवत नसे. बाळाचा पाळणा किती वेळ हलवायचा, म्हणून त्यांनी आपोआप झुलणारा पाळणाच केला. त्याला माश्या वारायला पंखा, शिवाय गाणं वाजवणारी पेटी. १८१५ साली रीतसर पेटंट! शाळेत जेमतेम वर्षभर गेलेला हा न्यूयॉर्कचा माणूस पुढे जनावरांची खुरं उकळून सरस करू लागला. त्या वासाने शेजारी हैराण झाले असतील. कूपर श्रीमंत झाले.

मग बाल्टिमोरला जमीन घेतली. तिथल्या नव्या रेल्वेची वळणं इतकी अवघड, की वाफेचं इंजिन चालणार नाही असं लोक म्हणू लागले. म्हणजे जमिनीचा भाव बसला! दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. यांनी १८३० मध्ये स्वतःच इंजिन जोडलं आणि बॉयलरला चक्क बंदुकीच्या नळ्या बसवल्या. घोड्याशी शर्यत लागली, ऐन वेळी पट्टा घसरला आणि घोडा जिंकला, असं सांगतात. पण रेल्वे कंपनीने पुढे वाफेचीच कास धरली. हरून काम साधायची त्यांची तऱ्हा ही अशी.

गरिबांच्या मुलांना फुकट शिकता यावं म्हणून १८५९ मध्ये ‘कूपर युनियन’ उघडली. तिच्या इमारतीत लिफ्टसाठी उभी पोकळी आधीच ठेवून दिली होती, तीही गोल. बांधकाम सुरू झालं तेव्हा माणसांची लिफ्ट बाजारात आलीच नव्हती. येईल की! आल्या, बहुतेक चौकोनी.

१८७६ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. पक्ष ग्रीनबॅक, सोन्याशी न बांधलेल्या कागदी नोटा सरकारने काढाव्यात, हे त्याचं म्हणणं. मंदीत पिचलेल्या शेतकऱ्यांना ते पटायचं. या लक्षाधीशाला का पटावं, हे सावकारांना कळेना. त्यातून जावई एब्रम ह्युइट डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष, म्हणजे त्या पक्षाचे उमेदवार टिल्डन यांच्या प्रचाराचे सूत्रधार! सासरे-जावई राहायचे एकाच घरात. न्याहारीला काय बोलणं होत असेल, देव जाणे.

निकाल लागला. जनतेची मतं जास्त पडूनही राज्यांच्या निवडणूक-प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टोरल, मतांत टिल्डन एका मताने हरले. सासऱ्यांना सुमारे ८० हजार मतं पडली, म्हणजे शंभरात एक. जावई हळहळले असतील. सासरे मात्र १८८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत नोटांवर पत्रकं काढत राहिले.