फ्रूटी, रीपर आणि वहिनींचा धाकटा

“भावजी, तुम्हाला म्हणून सांगते, कुठं बोलू नका हं.”

मेंदीच्या कुंपणापलीकडून वहिनींचं हे वाक्य आलं, की ती बातमी गल्लीत एव्हाना सगळ्यांना कळलेली आहे आणि यादीत मीच शेवटचा उरलोय, असं खुशाल समजावं.

“आमच्या धाकट्यानं नवीन खूळ काढलंय. गाणं आता घरीच रेकॉर्ड करणार म्हणे, कॉम्प्युटरवर. त्यासाठी सॉफ्टवेअर पाहिजे. आणि ते कुठलं, यावरून घरात रोज रात्री जेवताना भांडण.”

मिरजेत पोराला गाण्याचं खूळ लागणं यात नवल काही नाही. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही ‘एवढ्या उशिरा?’ असं म्हणून चहा घेतला होता. नवल हे, की घरात पेटी आहे, तबला आहे, पोराचा गळा बरा आहे, आणि भांडण मात्र सॉफ्टवेअरवरून!

“कोण काय म्हणतंय?” मी विचारलं.

“पुण्याचा भाचा म्हणतो मॅकबुक घ्या आणि त्यात लॉजिक घाला, रेहमान तेच वापरतो. याचे मित्र म्हणतात फ्रूटी. तो ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला आहे ना, तो म्हणतो क्युबेसशिवाय बाकी सगळा पोरखेळ. आणि कुणीतरी एबलटन की काय म्हणालं. ह्यांचं म्हणणं एकच: फुकटचं बघ.”

“यात रेहमान किती जणांच्या घरी आहे?”

“तेच म्हणते मी!”

रेहमान लॉजिक वापरतो हे खरंच आहे. पण लॉजिक फक्त अ‍ॅपलच्या मशिनवर चालतं, आणि वहिनींच्या घरी आहे थोरल्याचा कॉलेजातला विंडोज लॅपटॉप. मग मी वहिनींना लॉजिकच्या घरची भानगड सांगितली. मूळ हे जर्मनीतल्या इमॅजिक कंपनीचं. तेव्हा ते विंडोजवरही मजेत चालायचं. २००२ साली अ‍ॅपलनं अख्खी कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद करून टाकली. ज्यांनी पैसे मोजून घेतलं होतं, त्यांनी एकतर कॉम्प्युटर बदलायचा, नाहीतर सॉफ्टवेअर.

“अगं बाई! म्हणजे श्रीमंताघरी गेली आणि माहेर तोडलं.”

“तसंच. पण संसार छान केला हो. एकदाच पैसे भरायचे, अमेरिकेत १९९ डॉलर, आणि आत वाद्यांची रेलचेल. तुमच्याकडे मॅक असता तर मी म्हटलं असतं, तेही सध्या नको, त्याच्याबरोबर फुकट येणारं गॅरेजबँड वापरा. पुढं त्यातलं गाणं लॉजिकमध्ये जसंच्या तसं उघडतं. पण सॉफ्टवेअरसाठी मॅकबुक घेणं म्हणजे…”

“हे ऐकतील तर छातीत दुखेल त्यांच्या. ते सोडा. क्युबेस?”

क्युबेसचं घराणं जुनं. स्टाइनबर्ग ही हॅम्बुर्गची कंपनी. १९८९ साली अटारी नावाच्या कॉम्प्युटरवर क्युबेस आलं. आमच्या पिढीतले कीबोर्डवाले त्याच्यावरच वाढले, म्हणून त्यांना बाकी सगळं पोरखेळ वाटतं. आता ती कंपनी यामाहाची आहे. पण एक गोष्ट मानली पाहिजे. सॉफ्टवेअरच्या आत बाहेरचं वाद्य किंवा इफेक्ट बसवायची व्हीएसटी नावाची सोय यांनीच १९९६ साली आणली आणि दुसऱ्या कंपन्यांनाही वापरू दिली. आज फ्रूटी उघडा, एबलटन उघडा, तोच व्हीएसटी तबला सगळीकडे वाजतो. लॉजिक मात्र आपली एयू नावाची वेगळी चूल मांडून बसलंय.

“म्हणजे क्युबेस न घेताही क्युबेसवाल्यांचं खायला मिळतं?”

“मिळतं. त्यांची एएसआयओ म्हणून आणखी एक वस्तू आहे, तीही तुम्हाला लागणार. त्याच्याकडे येतो.”

वहिनींनी पाण्याची नळी जास्वंदीच्या मुळाशी टाकून दिली. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

“मला खरं फ्रूटीचं सांगा. याचे मित्र त्याच्यावरच लट्टू आहेत. हळदीत वाजतात ती गाणी त्याच्यावरच करतात म्हणे.”

बरीचशी करतात. एफएल स्टुडिओ हे बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं. १९९७च्या शेवटी निघालं तेव्हा नाव होतं फ्रूटीलूप्स, आणि ते केलॉग्जच्या फ्रूट लूप्स नाश्त्याच्या फार जवळ जाणारं, म्हणून २००३ साली बदललं. कागदावर बदललं, आपल्याकडे सगळे अजून फ्रूटीच म्हणतात. गुण सांगायचा तर, समोर चौकोनांची एक ओळ दिसते, किक कुठं, टाळी कुठं, तिथं टिचकी मारायची आणि ठेका सुरू. संगीत न शिकलेलं पोरही संध्याकाळपर्यंत काहीतरी वाजवून दाखवतं. ढोलकीचे, बेंजोचे तुकडे घालून रिमिक्स करायला हे उत्तमच. शिवाय एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या जन्मभर फुकट. असं औदार्य या धंद्यात विरळा.

“मग घेऊन टाकू?”

“धाकटा काय करणार आहे? हळदीची गाणी?”

“छे! त्याला अभंग म्हणायचेत आणि गझल. आणि मग मित्राचं एक रॅप आहे, त्यात मधे आलाप टाकायचाय.”

घोडं पेंड खातं ते इथंच. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, हे सगळे सांगतात. तुला आवाज रेकॉर्ड करायचाय की ठेका बांधायचाय, एवढं विचारत नाही कुणी. एफएलच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत वर्षानुवर्षं माइकवरून रेकॉर्ड करायची सोयच नव्हती. ती हवी तर वरची आवृत्ती घ्यावी लागायची. म्हणून घेण्याआधी त्यांच्या आवृत्त्यांचा तक्ता नीट बघायचा. फुकट चाचणी आवृत्तीत बहुतेक सगळं चालतं, गाण्याची फाइलही काढता येते, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट पैसे भरल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. पोरगं रात्री जागून अंतरा बांधतं, सेव्ह करतं, झोपतं. सकाळी बघतं तर स्वतःचंच गाणं कुलपात. एक-दोन पोरांची तोंडं पाहिलीत मी अशी.

“मग ते क्रॅक का काय ते करून देतो, मोबाइल दुकानवाला. पेन ड्राइव्हवर. शंभर रुपयांत.”

“वहिनी, त्या लॅपटॉपवर भाऊसाहेब बँकेचे व्यवहार करतात ना?”

“हो.”

“मग नको.”

यापुढं मी बोललो नाही. चोरीचं वापरू नये हे आहेच, पण ज्याच्या पोटात काय दडवलंय ते कुणालाच ठाऊक नाही अशी फाइल, अँटिव्हायरस बंद करून, बँकेचे पासवर्ड असलेल्या मशिनवर चालवायची, यात शहाणपण कुठलं? तेही चांगली सॉफ्टवेअरं फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळत असताना.

एबलटनचं मी थोडक्यात उरकलं. बर्लिनचं, २००१ सालचं, नाव लाइव्ह आणि कामही तेच. स्टेजवर उभं राहून तुकडे मागे-पुढे वाजवायचे असतील तर त्याला तोड नाही. त्याची लाइट आवृत्ती पुष्कळ साउंड कार्डांबरोबर फुकट येते, तिच्यात आठच ट्रॅक मिळतात. तंबोरा, तबला, पेटी, आवाज आणि कोरस धरला तरी पाच होतात, म्हणजे अभंगाला आठ पुरेत. प्रो टूल्स मोठ्या स्टुडिओंचं, त्याचीही फुकट इंट्रो आवृत्ती आहे, पण तुमच्या दिवाणखान्यात त्याचं काम नाही.

“मग राहिलं कोण?”

“रीपर.”

“हे नाव तर कुणीच घेतलं नाही!”

कसं घेतील? त्याची ना जाहिरात, ना रूप. उघडलं की करड्या रंगाची सरकारी कचेरी दिसते. आत तयार तबला नाही, सतार नाही, लूपांचा ढीग नाही. पण याचा कर्ता कोण ते ऐका. आपल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकेकाळी एमपी३ वाजवणारं विनॅम्प होतं, आठवतं? ते करणारा जस्टिन फ्रँकेल. १९९९ साली त्याची कंपनी एओएलनं विकत घेतली, आणि हा पुढं तिथून बाहेर पडला आणि रीपर लिहायला बसला. एवढंसं इन्स्टॉलर, जुन्या लॅपटॉपवरही धावतं. ६० दिवस सगळं खुलं, काहीही अडवलेलं नाही. नंतर साध्या माणसासाठी परवाना ६० डॉलर. २२५ डॉलरचा परवाना आहे तो संगीतावर वर्षाला २० हजार डॉलरच्या वर कमावणाऱ्यांना. तेवढे धाकट्यानं कमावले तर आपण पेढे वाटू.

“आणि पूर्ण फुकटचं? ह्यांना काय सांगू?”

“बँडलॅब सांगा. मोबाइलवरही चालतं. मित्रांबरोबर रॅप जुळवायला झकास. याच सिंगापूरच्या बँडलॅबनं २०१८ साली केकवॉक नावाचं असंच एक सॉफ्टवेअर उचललं. गिटारवाल्या गिब्सननं ते आधी विकत घेतलं आणि मग २०१७ साली बंदच करून टाकलं होतं. यांनी घेतलं आणि फुकट वाटायला काढलं.”

“चांगली माणसं दिसतात.”

“माणसांचं माहीत नाही, सॉफ्टवेअर चांगलं आहे.”

तेवढ्यात धाकटा स्वतःच आला, कानात इअरफोन, हातात लॅपटॉप. त्यानं बँडलॅब आधीच घालून ठेवलं होतं. या घरात जेवताना भांडण चालतं आणि काम बाजूला चाललेलं असतं. त्याची तक्रार वेगळीच होती. “काका, गायलो की माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो. ताल चुकतो.”

याला म्हणतात लेटन्सी, आणि नवखी पोरं सॉफ्टवेअर बदलत बसतात ती बहुतेक याच्यापायी. आवाज कॉम्प्युटरात जातो तो थेंबाथेंबानं नाही, बादली भरली की उपसावी तसा. बादलीचं नाव बफर. तिचं माप १०२४ असलं, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानं ती भरायला २३ मिलिसेकंद लागतात, आणि येताना पुन्हा तेवढेच. गाणाऱ्याच्या कानाला हे लगेच खुपतं. माप १२८ वर आणलं की वेळ तीन मिलिसेकंदांवर येते. पण लॅपटॉपच्या आतल्या कार्डाला एवढी छोटी बादली झेपत नाही, आवाज फुटायला लागतो. म्हणून बाहेरचं ऑडिओ इंटरफेस लागतं, ज्याला आपण सगळे साउंड कार्डच म्हणतो, आणि त्याचा एएसआयओ ड्रायव्हर. हेच ते क्युबेसवाल्यांचं दुसरं देणं. बऱ्याच कार्डांवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की आवाज कॉम्प्युटरात न शिरता सरळ कानात येतो, उशीर संपला. आणि कंडेन्सर माइक घेतला तर ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरायचं नाही, नाहीतर माइक मेलाय म्हणून दुकानात परत घेऊन जाल.

“आणि इअरफोन काढ ते. ब्लूटूथ ना? त्यात उशीर आणखी वाढतो. वायरचा हेडफोन घे, कान झाकणारा. नाहीतर क्लिकचा टिकटिकाट तुझ्या अभंगात शिरेल.”

“क्लिकचं पण आहे काका. गझल रूपकात आहे. ते चार-चारच मोजतं.”

मोजणारच. यातलं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर उघडलं की चार मात्रांवर बसलेलं असतं, कारण करणाऱ्यांच्या कानात तेच आहे. रीपरमध्ये खाली टेम्पोशेजारी ४/४ दिसतं, तिथं ७/४ लिहायचं, झालं. तरी एक गंमत उरतेच. रूपकाची सम ‘खाली’वर असते, आणि क्लिक नेमकी तिथंच जोरात वाजते. तबलजी वैतागतात. त्यावर उपाय म्हणजे क्लिकचा पहिला ठोका बारीक करायचा, किंवा सरळ तबलाच आधी वाजवून घ्यायचा आणि त्याच्यावर गायचं. मी दुसरं करतो. ग्रिडला ओढून बसवलेली लय ऐकली की मला परेडची आठवण होते. ठेक्याच्या गाण्यात ती शोभते, गझलेत नाही. मींडेचंही तसंच आहे. कीबोर्डावर पिच व्हील फिरवून मींड काढता येते, पण तुझ्या गळ्यात ती आहे ना? मग ती माइकपुढं काढ.

“कुठं गाऊ पण? खोलीत घुमतंय.”

“आईचं साड्यांचं कपाट उघड, त्याच्याकडे तोंड करून गा. मागे दोरीवर गोधडी टाक.”

“माझ्या पैठणीपुढं थुंकी उडवणार हा!” वहिनी कडाडल्या. पण परवानगी मिळाली असं मी धरून चाललोय.

हे कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या बाकीच्या आईबापांनाही सांगतो, कारण ही भांडणं आता घरोघरी आहेत. शेजारपाजारी कुणाला जे येतं ते शिकावं, म्हणजे अडलं की हाक मारता येते. पोराला ठेके बांधायचे असतील आणि मित्र फ्रूटीवाले असतील तर फ्रूटीच घ्या, माइकची सोय असलेली आवृत्ती घ्या, आणि पैसे भरून घ्या. घरात मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. पण वहिनींच्या धाकट्यासारखं पोरगं गाणारं असेल आणि लॅपटॉप विंडोजचा, तर रीपर. बाजूला ठेवलेले पैसे आधी साउंड कार्ड, माइक आणि वायरच्या हेडफोनवर घाला. ६० दिवसांत त्यानं एक अभंग पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत पुरा करून दाखवला, तर परवान्याचे ६० डॉलर भाऊसाहेबांनी न कुरकुरता भरावेत.