पंधराची प्लेट

आमच्या संघटनेच्या लेटरपॅडवर माझं नाव सर्वांत वर आहे, आणि संघटनेच्या नावापेक्षा अंमळ मोठं. छापखानेवाल्यानं विचारलं होतं, "भाऊ, मोठं कोणतं करू? संघटनेचं का तुमचं?" मी म्हटलं, "तू पाय बाप्पा, जे शोभून दिसंल ते कर." त्यानं कागदाकडं न पाहता माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काय शोभेल ते ओळखलं.

पाचशे प्रती काढल्या. खाली छापलं, 'जिला छिंदवाड़ा'. त्याच महिन्यात, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये, जामसावळीला नव्या जिल्ह्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झालाही. लोकांनी फटाके फोडले. मी पेन घेऊन छिंदवाडा खोडत बसलो. उरलेल्या कागदांत भजे बांधून द्यायचा मोह झाला होता, पण छापील कागदात खायची वस्तू बांधू नये हे पत्रक भर सभेत मीच वाचून दाखवलेलं. तेव्हा त्याच कागदांवर आता वर्गणीच्या पावत्या फाडतो. पावतीबुकाचे पैसे लेटरपॅडच्या जाड कागदात गेले होते.

सभासद सगळे हॉटेलवाले. आमच्याकडं हॉटेल म्हणजे चहा, पोहा, आलूबोंडा. एसी असला की ते रेस्टॉरंट होतं आणि बाहेर खाटा टाकल्या की ढाबा. यातला एकही माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही. ऐकणारा असता तर कुठं नोकरीला लागला असता, स्वतःची भट्टी कशाला पेटवली असती? अशा लोकांची संघटना चालवणं म्हणजे काय, हे सांगताना इथला प्रत्येक वक्ता गोटमारीची उपमा देतो, म्हणून मी देणार नव्हतो. पण सौंसरचे सभासद आले की इलाज चालत नाही. "जिल्हा तुम्ही घेतला, मीटिंग तं आमच्याकडं ठेवा," इथून सुरुवात होते. शेवटी तोड निघाली की सभा जामसावळीला घ्यायची. तिथला मारुती आडवा पहुडलेला आहे. आमचा अजेंडा ऐकत राहायचं तर तेच आसन बरं.

भांडण मराठीत होतं, नोंद हिंदीत. "तुह्या बापाचं हॉटेल हाय काय बे?" याचं आमचा सचिव रजिस्टरात 'सदस्यों के बीच सार्थक चर्चा हुई' असं करतो. महाराष्ट्रातल्या संघटना निवेदन देतात, आम्ही ज्ञापन देतो. उत्तर दोन्हींना सारखंच येत नाही.

गोटमारीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. टीव्हीवाले येतात, बघे येतात, धंदा दुप्पट होतो. पण त्या रात्री गल्ला मोजायला मला आवडत नाही. त्यात दवाखान्याबाहेर ताटकळत चहा घेतलेल्यांचेही पैसे असतात.

असो. तर्रीकडं वळू.

पुण्या-मुंबईकडं तर्रीला रस्सा समजतात. तसं नाही. रस्सा सगळ्यांनाच होतो. तर्री त्यातून सुटावी लागते. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, वाटायचं, तेलात घालून आच कमी करायची आणि मग हात बांधून बसायचं. हे हात बांधणं ज्याला जमत नाही त्यानं जलेबी तळावी. चण्याचा रस्सा हळूहळू खदखदू लागतो, आणि एका क्षणी गंजाच्या कडेनं तांबडं तेल अंग काढून घेऊन वर येतं. ती तर्री. पळी आडवी धरून ती वरच्या वर उचलायची आणि पोह्यावर सोडायची, ढवळायची नाही. वरून सांबार. (सांबार म्हणजे कोथिंबीर. हे पुणेकरांसाठी.)

आता यात राजकारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ तिकडं गेला, आम्ही इकडं राहिलो. कचेऱ्या वाटल्या, फायली वाटल्या, तर्रीची वाटणी करायचं मात्र राहून गेलं. तेव्हापासून आमच्या पोह्यावर दोन्हीकडून दावा आहे. इटारसीकडून गाडी आली की उतरणारा विचारतो, "भैया, सेव नहीं डाली? जलेबी?" नागपूरकडून आली की, "काऊन जी, तर्री एवढीशीच?" इंदूरचा पोहा वाफेवर, पिवळा, मऊ, वर जिरावण, सोबत जलेबी. शहाण्या मुलासारखा. आमचा पोहा नाकातून पाणी काढतो. मी ठेवतो दोन्ही, पण जलेबी मागणाऱ्याकडं मी जरा पोलिसासारखं पाहतो. जिल्ह्यात माझ्यासारखी तर्री कोणाची नाही. हे अध्यक्ष म्हणून नाही, निःपक्षपातीपणे सांगतो. करते बायको. मी ओततो. पण ओतण्यातही हात लागतो, आणि हे वाक्य मी तिच्यासमोर एकदाच बोललो आहे.

बायको म्हणते, संघटनेनं केलं काय? खूप केलं. दिल्ली-मुंबईच्या रेस्टॉरंटवाल्यांची एक मोठी संघटना १९८२ पासून आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी ॲपवाल्यांच्या डिस्काउंटविरुद्ध 'लॉगआउट' मोहीम काढली होती. ते कात्रण हाती लागल्यावर मी सभेत गरजलो, "आपणही लॉगआउट होऊ!" मागून एक म्हातारे सभासद म्हणाले, "लॉगिन कधी झालो होतो जी?" सार्थक चर्चा झाली. खाद्य परवान्याचा १४ आकडी नंबर प्रत्येकानं पाटीवर लिहावा म्हणून मी महिनाभर फिरलो. एकानं तिथं आपला मोबाईल नंबर रंगवला आणि वर म्हणाला, "चार आकडे कमी हाय, चालंल न?"

आणि भाववाढ. ते आमचं सगळ्यांत मोठं काम. १९ किलोचं सिलिंडर दर महिन्याच्या १ तारखेला नवा भाव घेऊन येतं, तेल येतं, कांदा येतो, आणि पोह्याची प्लेट जन्मापासून पंधराची असल्यासारखी पंधरालाच. ठराव केला : १ तारखेपासून सर्वांकडं वीस. एकमतानं. टाळ्या पडल्या. मी भाषणात 'एकजूट' हा शब्द नऊ वेळा वापरला. मोजले सचिवानं.

१ तारखेला पहाटे पाटी लावली : पोहा २० रुपये. साडेपाचला संत्रा मंडीतले हमाल आले. पहिल्यानं पाटी पाहिली, मुठीतली पाच-पाचची तीन नाणी पाहिली, आणि हातातली प्लेट न खाता परत ठेवली. रागानं नाही. नीट, आवाज न करता ठेवली. मी म्हटलं, "घे रे, तू जुनं गिऱ्हाईक." आठ वाजेपर्यंत निम्मा पांढुर्णा माझं जुनं गिऱ्हाईक निघाला. पाटी वीसची, गल्ल्यात पंधरा. आणि त्याच संध्याकाळी मी सौंसरला एका सभासदाला फोन करून ठराव मोडल्याबद्दल पाऊण तास झापलं.

पुढची सभा भरली. दुपारचे तीन. खानावळवाल्या मावशी आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा, कारण दुपारी तीनला त्या संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक तिंबत असतात, आणि सभेची वेळ आम्ही ठरवली ती आमच्या डुलकीनंतरची. सकाळी त्याही पोहा ठेवतात. वर्गणी मात्र महिन्याचे पन्नास, कधी चुकली नाही. दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, वीसचा ठराव हाय न अजून?"

"हाय न मावशी."

"बरं. मले वाटलं रद्द झाला अन् मले सांगाचं राह्यलं. माह्या इकडं तं पोहा उरून राह्यला. काल दोन किलो उरला, म्हशीले टाकला."

खोलीत पंखा तेवढा बोलत होता. मी एकेकाकडं पाहिलं. पांढुर्णा, सौंसर, सगळे फरशी पाहत होते. संघटना झाल्यापासून आमचं खरं एकमत झालेलं ते पहिलंच. सचिवानं पेन बंद करून खिशात ठेवलं.

मी म्हणायला हवं होतं ते मला आलं नाही. "पाहू आपण," असं काहीतरी म्हणालो. त्यांनी पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढली.

"पावती द्या, जाते मी. कणीक भिजवून ठेवली हाय."

मी लेटरपॅडवर पावती लिहिली. छिंदवाडा खोडला, पांढुर्णा लिहिलं, सही केली. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वरतं एवढं मोठं काय हाय जी? संघटनेचं नाव?"

"हो," मी म्हटलं.